तारेत वाकवलेली हाक

माझा वर्ग आणि त्यांची खोली यांच्यामध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं, आणि तेही छतापर्यंत पोचलेलं नव्हतं. मी इकडं दुसरीच्या पोरांकडून पाढे म्हणवून घेत असायची आणि पलीकडून सुरू व्हायचं, "हूंऽऽ हूं? हूं हूंऽ हूं." आधी एका मोठ्या माणसाचा आवाज, मग त्याच्यामागून पाच-सहा पोरांचे. कुणाचा रेकल्यासारखा, कुणाचा नाकातून, कुणाचा तर नुसती धाप लागल्यासारखा. माझ्या वर्गात खसखस पिकायची. पाढा अर्ध्यावरच अडायचा. मी डस्टर उचलून पार्टिशनवर आपटायची, की पलीकडून उत्तर, तेही तसंच तोंड मिटून: "हूंहूं हूंऽ." आणि ते मला कळायचं हो! 'झालंच बाई, दोन मिनिटं' असं ते होतं. कळायचं म्हणून तर माझं डोकं अधिकच फिरायचं.

बुऱ्हाणपुरात त्यांना हूंहूंवाले सर म्हणायचे. खरं नाव शाळेच्या दप्तरात असेल, पण त्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

ती वर्षं नव्या नव्या योजनांची होती. तोवर कमी ऐकू येणारी, बोलता न येणारी पोरं एकतर घरात बसायची, नाहीतर दूर कुठल्या शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत जायची. मग वरून आलं, की या मुलांना वेगळं काढायचं नाही, आपल्याच शाळेत, आपल्याच पोरांबरोबर बसवायचं. कागदावर त्याला एकात्म शिक्षण म्हणत. आमच्या शाळेच्या वाट्याला त्या एकात्म शिक्षणापोटी आलं ते एवढंच: एक पार्टिशन, एक मोठा आरसा आणि हे सर. मुलं दिवसातला काही वेळ त्यांच्याकडं, बाकीचा वेळ माझ्या वर्गात. प्रत्येकाच्या शर्टाच्या खिशात ऐकण्याची मशीन, पत्त्यांच्या कॅटाएवढी, आणि तिच्यातून निघालेली वायर कानात. आवाज घेणारं तोंड मशीनला, म्हणजे खिशातच. त्यामुळं या पोरांशी बोलायचं तर वाकून त्यांच्या छातीशी बोलावं लागायचं. माझ्या वर्गातल्या पोरांना पुष्कळ दिवस वाटत होतं, की ही मुलं रेडिओ घेऊन शाळेत येतात.

सर उंच, वाळलेले. बुशशर्टाचे दोन्ही खिसे तारेच्या तुकड्यांनी खाली ओढलेले, हातात कायम पक्कड. सायकलवरून आले, की आधी खळखळ ऐकू यायची, मग माणूस दिसायचा. घर देडतलाईकडं, भाऊ शेती बघायचे, हे एकटेच सिंधीपुऱ्यात खोली घेऊन राहायचे. या कामाकडं कसे वळलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाई, सगळ्याच गोष्टीला कारण लागतं का हो?" मी पुन्हा विचारलं नाही. उगाच कशाला?

पण कामाबद्दल विचारलं, की मात्र सुटका नसे. चहाचा कप हातात गार व्हायचा.

"असं पाहा बाई, या पोरांना शब्द पुरा ऐकू येत नाही. 'स' गेला, 'श' गेला, 'ट' गेला. मशीन लावली तरी गेलाच. पण सूर पोचतो. जाड, खालचा आवाज पोचतो. आणि आपण काय करून राहिलो? जे पोचत नाही, तेच त्यांच्याकडून घोकून घेऊन राहिलो. मग पोरगं बोलतं कसं? विटा रचल्यासारखं. मे-रा. ना-म. ऐकणाऱ्याला वाटतं, हे डोक्यानंच कमी. तोंड फिरवतात लोक. पहिले सूर, बाई. शब्द येतील मागून, रिक्षा करून."

म्हणून त्यांनी शब्दच काढून टाकले होते. सगळं हुंकारात. विचारणं हुंकारात, रागावणं हुंकारात, 'मला शू लागली' तेसुद्धा हुंकारात. खालचा सूर छातीत घुमतो आणि वरचा गालाच्या हाडात, म्हणून मुलांचा एक हात स्वतःच्या छातीवर ठेवायचे, एक गालावर. दोन्ही हातांत खडूची भुकटी असायची. दिवसाअखेर त्यांच्या गालावर चार-पाच पोरांची पांढरी बोटं उमटलेली असत, आणि हे तसेच बाजारातून सायकल मारत जायचे.

चौकातल्या टपरीवरही तीच तऱ्हा. सायकल टेकवून नुसतं "हूं हूंहूं" म्हणायचे, चहावाला कमी साखरेचा कट पुढं करायचा. एकदा तिथं बसलेले एक कापडवाले शेठ म्हणाले, "सर, रोजचंच आहे तुमचं. त्याला पाठ झालंय." झालं! सरांनी तिथल्या तिथं सूर बदलला, मान जरा शेठकडं कलवली आणि हुंकार दिला. चहावाला पेला विसळता विसळता थांबला आणि म्हणाला, "शेठ, सर बोल रहे हैं, आज की चाय आपकी तरफ से." टपरी हसून लोटपोट. सर मात्र गंभीर. "पाहिलं? यात शब्द कुठं होता?" असं शेठनाच विचारत राहिले. आपण विनोद केलाय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यांचं दुसरं वेड याहून अवघड होतं. त्यांचं म्हणणं असं, की सूर शिकवायचा तर तो शाळेचा नको. पोरगं पहिला सूर ऐकतं तो घरातला, आणि त्यातही जेवायला बोलावणारी हाक. ती हाक प्रत्येक घराची वेगळी. "समजते सगळ्यांना, बाई, पण असते एका घराची." म्हणून ती आणायला ते दिवेलागणीला मुलांच्या घरांवरून फिरायचे. खिडकीखाली उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि बोट हवेत वरखाली करत राहायचं. आता सांगा, संध्याकाळच्या वेळी परका पुरुष स्वयंपाकघराच्या खिडकीखाली डोळे मिटून उभा! एका बाईच्या भावानं कॉलर धरली. "कायले उभा रे इथं? काय पाहून राहिला?"

सर म्हणाले, "पाहत नाही भाऊ, ऐकतो. तुमच्या ताईचा आवाज छान आहे."

प्रकरण तिथंच मिटलं असतं ते या वाक्यानं हातघाईवर आलं. हेडमास्तरांना स्वतः जाऊन सोडवून आणावं लागलं. त्यानंतर सर रीतसर विचारून घरात जाऊ लागले. स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मागून बसायचे. जेवायचे नाहीत, पाणी घ्यायचे. बाया आधी लाजायच्या, "आमच्या घरी गाणंबिणं काही नाही हो सर," म्हणायच्या. मग सवय व्हायची, आणि पोळी लाटता लाटता त्या रोजच्यासारखी हाक मारायच्या. सर खिशातून तार काढायचे.

ही तार विजेच्या जळालेल्या मोटारींची. पॉवरलूमच्या गल्लीत मोटारी वाइंड करून देणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून जाड तांब्याची तार मागून आणायचे. हाक चढली, की तार चढवायची, हाक उतरली, की उतरवायची, जिथं रेंगाळली तिथं लांब ठेवायची. वीतभर तारेत एका आईची हाक. मग ती खोलीत खिळ्याला टांगायची, आणि त्या घरचं पोरगं रोज येऊन तिच्यावरून बोट फिरवत हुंकार द्यायचं. बोट चढलं, की आवाज चढवायचा. बोट घसरलं, की आवाज सोडायचा. भिंतीवर अशा दहा-बारा तारा होत्या. मला त्या वेड्यावाकड्या काड्यांसारख्या दिसायच्या. सरांना विचारलं, तर ते प्रत्येकीवरून बोट फिरवून त्या त्या घरची बाई जशीच्या तशी ऐकवायचे, आणि मग माझ्याच्यानं हसू आवरायचं नाही. गावातल्या निम्म्या बाया त्या भिंतीवर होत्या.

आणि मग गौरी आणि शिवू आले.

वडील मिलमध्ये फिटर म्हणून नवीनच लागले होते. बेळगावाकडचे, त्यामुळं मराठी चांगलं बोलायचे. आई गदगजवळच्या खेड्यातली, तिला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. गौरी आठ-नऊ वर्षांची, शिवू धाकटा, दोघांनाही जन्मापासून कमी ऐकू यायचं. वडील दोघांना घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि आधीच सांगून टाकलं, "बाई, मशीन देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलंय, घरात एकच भाषा ठेवा. शाळेत हिंदी, तर घरातही हिंदी. दोन भाषांत पोरं गोंधळतात. म्हणून आमच्या घरात आता कन्नड बंद आहे." आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वर्षाअखेर तपासणी आहे म्हणे. त्यात नाही बसली, तर हॉस्टेलला पाठवावं लागेल. बायको तर आत्तापासूनच रडतेय."

दारात त्यांची बायको उभी होती. ती रडत नव्हती. नुसती मुलांकडं बघत होती, एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं. दोघं वर्षाअखेर राहतात की जातात, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. हिंदीतले तिला तीन शब्द यायचे. आओ, खाओ, सो जाओ.

सर नेमाप्रमाणं त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात शिरले आणि टेबलावर तार टाकली. ती सरळ होती, पट्टीसारखी.

"ही काय?" मी म्हटलं.

"गौरीच्या घरची." आवाज बसलेला. "तासभर बसलो मी, बाई. ती बाई म्हणते, आओ. खाओ. पाटी वाचल्यासारखी. बाकी एक शब्द नाही. भांड्याचा आवाज येतो, माणसाचा नाही. त्या घरात हाकच नाहीये हो." आणि हा माणूस, ज्याच्या नावानं मी रोज बोटं मोडायची, माझ्यासमोर मान खाली घालून बसला. आईनं आपल्या लेकरांशी बोलायचं नाही! कुणी सांगितलं असेल ते चांगल्यासाठीच सांगितलं असेल, पण हे काय भलतंच?

त्या संध्याकाळी सर पुन्हा गेले आणि वडिलांना म्हणाले, कन्नड सुरू करा. वडिलांनी दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं. ते सरांना म्हणाले होते, "सर, तुमचं चुकलं तर तुमचं काय जाणार? पोरं माझी जातील." त्यावर सर म्हणाले, "खरं आहे. माझं काही जाणार नाही. म्हणून मी सांगतो तसं करू नका. त्यांना विचारा." आणि बायकोकडं बोट केलं.

नवऱ्यानं तिला कन्नडमध्ये विचारलं. किती दिवसांनी कोण जाणे. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, बाहेरच्या खोलीकडं तोंड केलं आणि हाक मारली, "शिवूऽऽ, ऊटक्क बाऽऽ! गौरी, ऊटक्क बा!" ऊटक्क बा म्हणजे जेवायला ये. मुलांना सगळं ऐकू आलं नसेल, पण शिवूनं मान वर केली म्हणे. आओ-खाओला त्यानं कधी केली नव्हती.

मग काय, शाळेत रोज कन्नड. गौरीची आई दुपारी यायची, सरांच्या खोलीत खाली बसायची, मुलीच्या छातीशी वाकून बोलायची, आणि माझ्या वर्गात पाढे सोडून सगळे कान तिकडं. गौरीला हाकेचं उत्तर शिकवलं होतं, "बंदे." म्हणजे आलेच. तारेवरून बोट फिरवत ती ते शंभरदा म्हणायची. पंधरा दिवसांत माझी पोरं हजेरीला 'हाजिर'च्या जागी "बंदे" म्हणू लागली, तेही अगदी त्याच सुरात. हेडमास्तर व्हरांड्यातून जाताना थबकले. "बाई, ही शाळा बुऱ्हाणपुरात आहे ना?" मी म्हटलं, "कालपर्यंत तरी होती."

त्या खोलीतला एक दिवस मी विसरणार नाही. मी खडू मागायला गेले होते. सरांनी मेजावर दोन तारा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, एक शिवूच्या हाकेची, एक गौरीच्या. दोन्ही एकाच आईच्या. शिवूची तार शेवटाला हळूच चढून लांब जात होती, जाता जाता उतरत होती. गौरीची चटकन खाली येऊन तिथंच संपत होती. सर म्हणजे एरवी तोंडाला कुलूप म्हणून नसलेला माणूस, पण त्या दिवशी पक्कड खिशात घालून खिडकीकडं बघत उभा राहिला. गौरीच्या आईनं शिवूच्या तारेवरून बोट फिरवलं. मग गौरीच्या. बोट लगेच मेजावर पडलं. तिनं पुन्हा फिरवलं, पुन्हा पडलं. गौरी शेजारीच बसून आरशात स्वतःची जीभ बघत होती. त्या बाईनं पदर तोंडाला लावला आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली. बसलीसुद्धा नाही. दारातूनच हाक मारली, "गौरीऽऽऽ, ऊटक्क बाऽऽऽ!" इतकी लांब, की माझ्या वर्गातली पोरं उभी राहिली. गौरीनं वळून पाहिलं आणि सगळे दात दाखवून हसली. सरांनी जुनी तार टाकली नाही. तिच्याच टोकाला नवा तुकडा पीळ देऊन जोडला आणि तो लांब, हळू उतरत नेला. तो जोड शेवटपर्यंत दिसायचा. बोटाला लागायचासुद्धा.

तपासणीला भोपाळहून एक मॅडम आल्या. बाई चांगली होती, उगाच कशाला वाईट म्हणू? पण तिच्या हातात पेन होतं, आणि त्या पेनाकडं गौरीचे वडील असे बघत होते, की माझाच जीव वरखाली होत होता. सरांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मॅडमनी गौरीला हिंदीत नाव विचारलं, वर्ग विचारला. गौरीनं सांगितलं. 'स' गेला, 'ढ' गेला, पण वाक्य चढलं, उतरलं, जिथं थांबायचं तिथं थांबलं.

"आवाज़ तो बहुत अच्छी है," मॅडम म्हणाल्या. "शब्द साफ नहीं हैं. घर में हिंदी बोलते हैं ना?"

वडिलांनी जमिनीकडं पाहिलं. हेडमास्तरांनी छताकडं. सर म्हणाले, "नहीं मॅडम. कन्नड."

पेन थांबलं. "पर इन लोगों को मना किया गया था."

सर उठले. कोपऱ्यातला फळा ओढला, त्याच्यामागं गौरीला आणि तिच्या आईला बसवलं आणि दोघींना हुंकारानंच काहीतरी सांगितलं. फळ्यामागून आधी आईचा हुंकार आला, लांब, उतरत जाणारा. मुलीचा आखूड, वर तुटलेला. पुन्हा आईचा, जरा दाबून. मुलीचा रेंगाळत. मग आईचा असा आला, की माझ्या वर्गातली पोरंसुद्धा पार्टिशनपलीकडं चिडीचूप झाली.

मॅडम पेन गालाला लावून ऐकत होत्या. ऐकता ऐकता बोलायलाच लागल्या, "माँ बुला रही है… लड़की कह रही है, रुको ना… फिर बुलाया… अब डाँट पड़ी." आणि फळ्यामागून गौरीचं पडेल आवाजात आलं, "बंदेऽ." मॅडम खुदकन हसल्या. "आ रही है, मुँह फुलाके आ रही है."

"इसमें कौन सी भाषा थी, मॅडम?" सरांनी विचारलं. चेहरा टपरीवरच्यासारखाच गंभीर. "सूर इसकी माँ का है. उसी पे मैं हिंदी रख रहा हूँ, एक एक शब्द. माँ को चुप कराओगे तो मैं किस पे रखूँ?"

मॅडमनी फळ्यामागून बाहेर आलेल्या गौरीच्या आईलाच विचारलं, मुलांना हॉस्टेलला पाठवायला तयार आहात का, तिथं सोयी चांगल्या आहेत. त्या बाईला त्यातला 'हॉस्टेल' तेवढा कळला. तिनं एका हातानं गौरीला धरलं, दुसऱ्यानं शिवूला. म्हणाली, "बेड." म्हणजे नको. एकदाच. ओरडली नाही, रडली नाही.

वडील भाषांतर करायला पुढं झाले. मॅडमनी हात वर केला. "रहने दीजिए. समझ गई."

कागदावर त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. मुलं मात्र राहिली. सरांनी त्या दिवशी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला आणि तोही चक्क शब्दांत मागितला, त्यामुळं चहावाला घाबरला, तब्येत बरी आहे का म्हणून विचारायला लागला.

गौरी माझ्या हाताखालून गेली, पाचवीत गेली. मग वडिलांना गावाकडं काम मिळालं आणि ते सगळे निघाले. जायच्या दिवशी आई मुलांना घेऊन भेटायला आली. सरांनी दोन्ही तारा खिळ्यावरून काढल्या, रुमालात बांधून तिच्यापुढं धरल्या. तिनं शिवूची घेतली, त्याचं अजून शिकणं चाललं होतं. गौरीची परत सरांच्या हातात दिली आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली. नवरा म्हणाला, "ती म्हणते, गौरीला आता मी आहे. ही तुमच्याकडं राहू दे." सरांनी ती पुन्हा खिळ्याला टांगली.

योजना बदलली, माणसं बदलली. पुढं पुढं आमच्याकडं तशी मुलं येईनाशी झाली, पार्टिशन निघालं नाही, पण पलीकडच्या खोलीत तुटकी बाकं आणि जुने नकाशे येऊन पडले. सरांना चौथीचा वर्ग दिला. ते तो मुकाट शिकवायचे, शब्दांत. टपरीवरचा चहावालाही बदलला होता. नव्याला हुंकार कळेना, मग सर तिथं जायचेच बंद झाले. केस पिकले होते, खिशांत तार नसायची, त्यामुळं सायकल आली तरी कळायचं नाही. मला इतकं चुकल्यासारखं व्हायचं! पाढे सुरळीत पूर्ण व्हायचे, आणि मी उगाच पार्टिशनकडं बघायची.

अशाच एका दुपारी ऑफिसातला फोन वाजला. हेडमास्तर बाहेर गेले होते, मी उचलला.

"बाई, मी गौरीचा अप्पा." ओळखायला क्षण लागला. म्हणाले, "गौरीची अव्वा गेली हो, बाई. आठवडा झाला." पुढचं त्यांच्या तोंडून नीट येईना. गौरी आता चांगली वीस-एकवीस वर्षांची, पण आई गेल्यापासून तिनं मशीन काढून ठेवली होती. कुणाचं ऐकायचं नाही, बोलायचं नाही. पाणी घोटभर, अन्न नाही. ताट वाढायचं आणि तसंच उचलायचं. "आज शिवूनं बळजबरी मशीन लावली तिला. आमचं कुणाचं चालत नाही. सर आहेत का? ते काही म्हणतील तर…"

मी धावतच चौथीच्या वर्गात गेले. या वयात धावले. सरांनी सगळं ऐकलं आणि ऑफिसकडं यायचं सोडून उलटे वळले. मी मागून ओरडले, "अहो सर, फोन चालू आहे! कुठं निघालात?" ते पार्टिशनपलीकडच्या खोलीत शिरले, बाकं ओलांडत, नकाशे तुडवत. भिंतीवर तारा तशाच होत्या, जाळं धरलेल्या, हिरव्या पडलेल्या. त्यांनी हात घातला तो नेमका एकीवर. बुशशर्टाच्या टोकानं पुसत बाहेर आले.

फोनवर म्हणाले, "फोन तिच्या छातीवर धरा. मशीनच्या तोंडाशी. घट्ट."

मग तारेच्या टोकावर बोट ठेवलं आणि तोंड मिटून हुंकार दिला.

मी शेजारीच उभी होते. म्हाताऱ्या, खरखरीत घशातून ती बाई आली हो. तीच. तव्यावरून मान वर करून हाक मारणारी. ऊटक्क बा. बोट चढलं, घसरलं, जोडाशी आलं, तिथं अडखळलं आणि पुढं गेलं, लांब, लांब, उतरत. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही.

पलीकडून काही नाही. सरांनी पुन्हा तीच हाक दिली. घाई केली नाही, आवाज वाढवला नाही. रोज संध्याकाळी मारावी तशीच मारली. पुन्हा काही नाही. नुसती फोनची खरखर. सरांनी बोट परत तारेच्या सुरुवातीला नेलं, आणि आईनं दाराशी येऊन मारावी तशी, जरा दाबून, हाक दिली.

फोनमधून आवाज आला. जाड, नाकातला, मोठ्या बाईचा. ऑफिसच्या दारापर्यंत ऐकू गेला असता.

"बंदे."

मग काहीतरी पडल्यासारखा आवाज, पावलं, कुणीतरी जोरात रडायला लागलेलं. बऱ्याच वेळानं वडील फोनवर आले. "सर… सर, ती उठली. आत गेली. पाटावर जाऊन बसलीय, सर."

सरांनी तार खिशात ठेवली. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, आणि घसा साफ करून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग बघता काय? वाढा तिला."